पॉइंट आणि सेकंद

काविळीचा रिपोर्ट न्यायला आलेला माणूस खिडकीशी उभा राहून पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला असतो. "मॅडम, किती पॉइंट आहे?" पॉइंट म्हणजे बिलिरुबिन, रक्तातलं पिवळं रंगद्रव्य. चार पॉइंट कावीळ, अकरा पॉइंट कावीळ. गावात कुणाला कावीळ झाली की हा आकडा संध्याकाळपर्यंत आळीभर होतो. पुढच्या तपासणीत तो दोनाने उतरला की घरच्यांच्या चेहऱ्यावर हायसं दिसतं, वाढला की त्याच पावली दुसरा डॉक्टर शोधायला लोक निघतात.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नोकरी लागली तेव्हा केस काळे होते. एवढ्या काळात त्याच कागदावर दोन ओळी खाली छापलेला दुसरा आकडा मला कुणी आपणहून विचारल्याचं आठवत नाही. तो सेकंदांत असतो. प्रोथ्रॉम्बिन टाइम, आम्ही लॅबवाले नुसतं पीटी म्हणतो. रक्त साकळायला किती वेळ लागला, त्याचं मोजमाप. काविळीच्या रुग्णाची नळी हातात आली की माझं सगळं लक्ष तिथे असतं. पॉइंट वीस असले आणि सेकंद बारा असले तर मी निवांत असते. पॉइंट आठ आणि सेकंद चाळीस असले तर मी रिपोर्ट टाइप व्हायची वाट पाहत नाही, सरळ डॉक्टरांना फोन लावते.

ही तपासणी कशी होते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेटचं द्रावण आधीच असतं, एक भाग. त्यात नऊ भाग रक्त खुणेपर्यंत भरायचं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त नळीत साकळत नाही. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशी खाली बसवायच्या. वर राहतो तो प्लाझ्मा, एरवी फिकट पिवळा, काविळीत हळदी रंगाचा. दुसरीकडे ३७ अंशांच्या पाण्यात काचेच्या छोट्या नळीत थ्रॉम्बोप्लास्टिन, म्हणजे साकळणं सुरू करून देणारं द्रावण, कोमट होत असतं. त्यात कॅल्शियम मिसळलेलंच असतं. त्यावर प्लाझ्मा सोडायचा, त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी उजेडासमोर हलकेच तिरपी करत, सरळ करत राहायचं. आठ, नऊ, दहा सेकंद द्रव मोकळा हलत असतो. मग एकाएकी तो थबकतो, विरजण लागून दही जमावं तसा, पण डोळ्यांदेखत. स्टॉपवॉच थांबवलं की बारा. आता आमच्याकडे मशीन आहे. तरीही आकडा मोठा आला की मी एकदा हाताने करून बघते. मशीनवर विश्वास नाही असं नव्हे. तीस सेकंद उलटल्यावरही नळीत पाण्यासारखा हलणारा प्लाझ्मा एकदा पाहिला की त्या माणसाची काळजी अंगात उतरते, छापील आकड्याने ती उतरत नाही.

थ्रॉम्बोप्लास्टिन पूर्वी सशाच्या मेंदूपासून बनवत, आणि प्रत्येक कंपनीचं, प्रत्येक खेपेचं वेगळं पडे. त्यामुळे एकाच माणसाचे सेकंद दोन लॅबमध्ये वेगळे येत. यावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर आणला, म्हणजे सेकंदांवरून काढलेलं, सगळ्या लॅबना सारखं पडणारं गुणोत्तर. त्यात निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास येतो, मग लॅब कुठलीही असो. हे ज्ञान कागदावर आहे. प्रत्यक्षात आरोग्य केंद्रातून येणारी नळी अर्धीच भरलेली असते, सायट्रेट जास्त होतं आणि धडधाकट माणसाचा आयएनआर उगाच वाढलेला दिसतो. असली नळी मी परत पाठवते. तिथल्या नर्सताई कधी वैतागतात, पण त्या एका आकड्यावरून एखाद्याचं ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं.

आर्मंड क्विक नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९३५ मध्ये ही चाचणी मांडली. त्या लेखाचा विषय होता हिमोफिलिया आणि कावीळ या दोन आजारांतलं रक्तस्रावाचं कारण. म्हणजे ही चाचणी जन्माला आली तीच काविळीच्या रुग्णांकडे बघत. नंतर हृदयाच्या झडपा बदललेल्यांसाठी, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांसाठी ती इतकी वापरली गेली की तिचं मूळचं घर लोक विसरले. जखमेतलं रक्त थांबत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर न आपटता काळेनिळे डाग उठतात, असं झालं की माणूस रक्तालाच दोष देतो. "रक्त पातळ झालंय" म्हणतो, बीट खातो, लोहाच्या गोळ्या घेतो. माझ्या खिडकीवर आलेल्या अशा चिठ्ठ्यांमध्ये मात्र मूळ आजार वारंवार पोटात निघाला. यकृत, पित्तनलिका, आतडं, स्वादुपिंड.

सुश्रुताने शारीरस्थानात रक्त वाहणाऱ्या स्रोतसांची, म्हणजे मार्गांची, मुळं सांगताना यकृत आणि प्लीहा, म्हणजे पानथरी, यांची नावं घेतली आहेत. तो विचार आजच्या शरीरशास्त्राचा नाही, त्याची ओढूनताणून सांगड घालण्याची मला गरज वाटत नाही. पण रक्त थांबेना तेव्हा याच अवयवांकडे डॉक्टरांचा हात आजही जातो, हे मला फार विलक्षण वाटतं.

यकृत काय करतं? रक्त साकळायला लागणारी जवळजवळ सगळी प्रथिनं तेच बनवतं. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, पाचवा, सातवा, नववा, दहावा, अकरावा घटक. यातला सातवा घटक सगळ्यांत अल्पायुषी. रक्तात आल्यावर सहाएक तासांत तो निम्मा संपतो. त्याच्या तुलनेत यकृतच बनवतं त्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला निम्मं व्हायला तीनेक आठवडे लागतात. त्यामुळे यकृत आज सकाळी बंद पडलं तर अल्ब्युमिन पुढचे कितीतरी दिवस ठीकठाक दिसेल, आणि सेकंद मात्र उद्याच वाढलेले असतील. अल्ब्युमिन सांगतं गेल्या महिन्याचं, पीटी सांगतो आजचं. बिलिरुबिन तर या दोन्हींपेक्षा वेगळंच बोलतं. ते तयार होतं जुन्या तांबड्या पेशींपासून, यकृत त्याची फक्त विल्हेवाट लावतं. विल्हेवाट थांबली की डोळे पिवळे होतात. यकृतात जीव किती उरलाय, हे त्यावरून नीट कळत नाही.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ते उमजलं माझ्या धाकट्या मामांच्या आजारात.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन शेतावर राहायला गेले आणि एका पावसाळ्यात त्यांना खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज, रात्रभर. मामींना वाटलं, अंगात उष्णता झालीय. सब्जा, ताक, कडुनिंबाच्या पाण्याची अंघोळ, सगळं झालं. मग डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा शेजारच्या गावातून काविळीची माळ आली. ही माळ आमच्याकडे सर्वांनी पाहिलेली आहे. बारीक ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले असतात. रोज ती थोडी थोडी लांब होते, गळ्यातून छातीपर्यंत, छातीवरून पोटापर्यंत उतरते, आणि जशी माळ उतरते तशी कावीळ उतरते असं म्हणतात. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. कुणाच्याही गळ्यात लांबते, खुंटीला टांगली तरी लांबते. पण माळ घालणाऱ्यांवर मला राग धरवत नाही. आपल्याकडची बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या ए किंवा ई विषाणूची असते आणि ती बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. माळ घातलेल्यांतले बहुतेक जण खरोखरच बरे झालेले त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. घात होतो तो उरलेल्यांचा.

मामा उरलेल्यांतले होते. मी गेले तेव्हा ते ओसरीवर बसून पाठ खांबाला घासत होते. दात घासताना रक्त येतं, असं सहज बोलता बोलता म्हणाले. दंडावर रुपयाएवढे दोन काळे डाग होते. मी विचारलं, "मामा, परसाकडचा रंग कसा असतो हल्ली?" भाचीने असं विचारावं हे त्यांना अवघडल्यासारखं झालं. उत्तर मामींनी दिलं, "अगं, पांढुरकं होतंय. मातकट. मला वाटलं ताक-भातामुळं." शौचाला पिवळा-तपकिरी रंग येतो तो पित्तामुळे. रंग गेला म्हणजे पित्त आतड्यात पोचत नाही, वाटेत अडलंय. लघवी गडद, शौच फिकट आणि अंगभर खाज, ही तीन लक्षणं एकत्र आली की कावीळ विषाणूची नसून अडथळ्याची असण्याची दाट शक्यता असते. माळ तिथल्या तिथे काढली आणि त्यांना घेऊन आले.

मामांचं रक्त मीच काढलं. सुई काढल्यावर कापूस दाबून धरला, नेहमीच्या वेळेत रक्त थांबलं नाही. नळी तिरपी करत राहिले. बारा गेले, वीस गेले, तीस गेले. चौतीसला नळीतला प्लाझ्मा थबकला. आयएनआर तीनच्या आसपास आला. सोनोग्राफीत पित्तनलिकेत खडा दिसला. मामी बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "लिव्हर गेलं का गं त्यांचं?" मी म्हटलं, "नाही मामी, आत्ताच असं म्हणू नका. उद्या कळेल." आणि ते खरंच दुसऱ्या दिवशी कळणार होतं, कारण डॉक्टरांनी तेवढ्यात व्हिटॅमिन के चं इंजेक्शन शिरेतून हळूहळू दिलं होतं, १० मिलिग्रॅम.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचे सेकंद होते पंधरा.

एका छोट्या पिवळसर इंजेक्शनने हे कसं होतं? यकृत दुसरा (म्हणजेच प्रोथ्रॉम्बिन), सातवा, नववा आणि दहावा घटक बनवतं, पण त्यांच्यावर शेवटचा हात फिरवायला त्याला व्हिटॅमिन के लागतं. ते नसेल तर ही प्रथिनं बनतात, रक्तातही येतात, पण कॅल्शियमला धरू शकत नाहीत आणि म्हणून जखमेशी कामाला लागत नाहीत. व्हिटॅमिन के तेलात विरघळणारं आहे. आतड्यातून ते शोषलं जायला पित्त लागतं. पित्त खड्याने अडवलं, की माणूस कितीही मेथी खावो, पालक खावो, त्यातलं व्हिटॅमिन के शौचावाटे निघून जातं. शरीरातला साठा मुळात थोडका, काही आठवड्यांत तो संपतो. मामांचं यकृत धडधाकट होतं, त्याला फक्त कच्चा माल मिळत नव्हता. आतड्याला बगल देऊन तो थेट शिरेतून मिळाला आणि रातोरात त्याने काम उरकलं. इंजेक्शननंतरही सेकंद खाली आले नसते, तर दुखणं यकृताच्या पेशींत आहे असं समजलं असतं. इतका साधा आणि इतका स्वच्छ निर्णय देणारा प्रयोग वैद्यकात मला दुसरा ठाऊक नाही. पुढे मामांना दुर्बिणीतून खडा काढून नळी बसवली. खाज चारच दिवसांत गेली.

ही गोष्ट माणसाला कळली ती कोंबडीच्या पिलांमुळे. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम पिलांना चरबीविरहित खाद्य देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. पिलांना कातडीखाली, स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला. तोपर्यंत माहीत असलेली कुठलीच जीवनसत्त्वं देऊन तो थांबेना. हिरव्या पाल्यात आणि डुकराच्या यकृतात काहीतरी होतं ज्याने तो थांबे. १९३५ मध्ये डाम यांनी त्याला व्हिटॅमिन के हे नाव दिलं. अमेरिकेत सेंट लुईसच्या एडवर्ड डॉइसी यांनी १९३९ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं काढलं, त्याची रचना सांगितली. दोघांना १९४३ सालचं नोबेल मिळालं. पण मला त्या नोबेलपेक्षा १९३८ साल जास्त भिडतं. त्याआधी अडथळ्याच्या काविळीवर ऑपरेशन करायला सर्जन कचरत. ऑपरेशन उत्तम व्हायचं, खडा निघायचा, आणि दोन-चार दिवसांनी रुग्ण टाक्यांतून, पोटातून रक्त वाहून दगावायचा. १९३८ मध्ये मेयो क्लिनिक आणि आयोवा विद्यापीठ अशा दोन ठिकाणच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना व्हिटॅमिन के आणि सोबत पित्तक्षार दिले. रक्तस्राव थांबला. किती घरांत त्यानंतर माणूस ऑपरेशन होऊन चालत परत आला असेल! माझे मामा त्या रांगेतले एक.

पित्त अडलं नाही तरी व्हिटॅमिन के वाया जाऊ शकतं. एक कॉलेजातली मुलगी आमच्याकडे हिमोग्लोबिनसाठी वारंवार यायची. सहाच्या वर कधी जात नव्हतं. तिच्या पायांवर डाग उठायचे, पाळीत फार रक्त जायचं. घरचे तिला तिखट तेलाची फोडणी घालून पालेभाजी खाऊ घालत होते, आणि ते बरोबरच होतं; व्हिटॅमिन के तेलासोबतच शोषलं जातं, फोडणीच्या मेथीतून जितकं मिळेल तितकं नुसत्या उकडलेल्या पाल्यातून मिळणार नाही. पण तिचं पोट कायम बिघडलेलं, शौच चिकट, पाण्यावर तरंगणारं. पीटी वाढलेला निघाला. पुण्याला दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासला तेव्हा सीलिॲक आजार कळला. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याची आतली लव झडून गेली होती. उत्तरेत हा आजार जास्त दिसतो, पण आपल्याकडे नाही असं नाही. पोळी बंद झाली, भाकरी सुरू झाली. लोह आणि व्हिटॅमिन के सुरुवातीला सुईने दिलं. पुढच्या वर्षी ती हिमोग्लोबिन बघायला आली तेव्हा पायांवर एकही डाग नव्हता. आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन्सच्या आजारात, दारूमुळे किंवा इतर कारणाने जुनाट सुजलेल्या स्वादुपिंडात, आतड्याचा मोठा भाग कापून काढलेल्यांतही असंच होतं. आयसीयूत पंधरा दिवस तोंडाने काही न घेता नुसत्या सलाइनवर आणि जोरकस अँटिबायोटिकवर असलेल्या माणसाचे सेकंदही असेच वाढतात. जेवणातून व्हिटॅमिन के येत नाही, आणि ते थोडंफार बनवणारे आतड्यातले जिवाणू औषधाने मेलेले असतात.

आता सिरॉसिसकडे येते. सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत आणि सगळ्यांत जास्त धावपळही इथेच होते.

सिरॉसिस म्हणजे यकृत आकसून, गाठीगाठींचं, निबर होणं. दारूने होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. बी आणि सी विषाणूने होतो, मधुमेह आणि लठ्ठपणामुळे यकृतात साठलेल्या चरबीने होतो, हे कमी जणांना ठाऊक आहे. त्यामुळे माळकरी माणसाला सिरॉसिस झाला की गाव त्याच्याकडे संशयाने बघतं. हा त्या कुटुंबावर केवढा अन्याय! या रुग्णांचे सेकंद वाढलेले असतात, व्हिटॅमिन के देऊन फारसे उतरत नाहीत, कारण घटक बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. शिवाय प्लेटलेट कमी. यकृतातून जाणारा रक्ताचा मार्ग निबर झाल्यामुळे मागे दाब वाढतो, पानथरी फुगते, आणि प्लेटलेट तिथेच अडकून पडतात. प्लेटलेट बनवायला चालना देणारं संप्रेरकही यकृतातच तयार होतं, तेही घटतं. एरवी दीड लाखाच्या वर हव्यात, तिथे पन्नास हजार असतात. मग नातेवाईक माझ्या खिडकीशी येतात. "ताई, डेंग्यू नाही ना? पपईच्या पानांचा रस देऊ का?" आणि तिथून रक्तपेढी. प्लेटलेटच्या पिशव्या, एफएफपीच्या म्हणजे गोठवलेल्या प्लाझ्माच्या पिशव्या, बदली रक्तदाते, रात्री अपरात्री साताऱ्याला गाडी.

मला हे फार तळमळीने सांगावंसं वाटतं की सिरॉसिसमध्ये नुसता आयएनआर सुधारावा म्हणून प्लाझ्माच्या पिशव्या चढवू नयेत, असं आज जाणकार डॉक्टर सांगतात. रक्त साकळवणारे घटक यकृत बनवतं तसे साकळणं आवरणारे घटकही तेच बनवतं. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन. सिरॉसिसमध्ये दोन्ही बाजू कमी होतात. आठवा घटक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बनतो, तो उलट वाढतो. पीटी मोजतो तो फक्त साकळवणारी बाजू. आवरणारी बाजू त्या नळीत दिसतच नाही. मिलानच्या संशोधकांनी २००५ मध्ये दोन्ही बाजू मोजता येतील अशा रीतीने सिरॉसिसच्या रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा थ्रॉम्बिन, म्हणजे रक्ताची गुठळी जमवणारं द्रव्य, निरोगी माणसाइतकंच तयार होताना दिसलं. म्हणजे ज्यांचं रक्त पातळ आहे असं आपण म्हणत होतो, त्यांचं रक्त एका नव्या, नाजूक तोलावर उभं होतं. तो तोल दोन्हीकडे ढळू शकतो. आयएनआर दोन असलेल्या माणसाच्या पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्याकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेत, रक्ताची गुठळी अडकलेली सापडते, आणि घरच्यांना ते पटत नाही. "रक्त पातळ असताना गुठळी कशी?" म्हणून विचारतात. प्लाझ्माच्या पिशव्यांनी रक्ताचं आकारमान वाढतं, पोर्टल शिरेतला दाब वाढतो, आणि जे फुटण्याची भीती होती तेच फुटण्याची शक्यता वाढते.

फुटतात त्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा. सिरॉसिसचा रुग्ण अचानक भांडंभर रक्ताची उलटी करतो किंवा त्याला काळंकुट्ट, चिकट, उग्र वासाचं शौच होतं, ते मुख्यतः त्या शिरांतल्या दाबामुळे. तिथे पहिलं काम रुग्णाला अशा ठिकाणी नेणं जिथे दुर्बीण टाकून त्या शिरांना रबरी बँड लावता येतो. एक बाई आपल्या नवऱ्याला आधी प्लेटलेट मिळू देत, मग नेऊ, म्हणून गावातच थांबवून ठेवणार होती. रिपोर्ट हातात देताना मी तिला म्हटलं, "वहिनी, पिशवीची वाट बघू नका. गाडी काढा." ती निघाली. बँड लागले. त्यांना आता दाब कमी ठेवणारी गोळी रोज चालू आहे, ते दर काही महिन्यांनी दुर्बिणीला जातात, दारू सुटली आहे. प्लेटलेट अजूनही साठ हजार आहेत आणि ते ऊस तोडणीच्या वेळी फडात उभे असतात.

हे सगळं खरं, तरी सेकंदांचा मान कमी होत नाही. यकृत किती उरलंय, हे ते सांगतातच. २००२ पासून अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत कुणाचा क्रम आधी, हे ज्या गुणांवर ठरू लागलं त्यात बिलिरुबिन आणि क्रिएटिनिनच्या जोडीला आयएनआर आहे. आणि आधी धडधाकट असलेल्या माणसाला कावीळ होऊन तो असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून राहू लागला, आणि आयएनआर दीड किंवा त्याहून जास्त आला, तर त्याला तीव्र यकृत निकामी होणं म्हणतात. तिथे तास मोजायचे असतात. हिपेटायटिस ई बहुतेकांना सोडून देतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो बाईचा जीव घेऊ शकतो. पावसाळ्यात पोटुशी बाई काविळीचं रक्त द्यायला आली की चिठ्ठीवर पीटी लिहिलेला आहे का, ते मी आधी बघते. अशा वेळी बिलिरुबिनचे पॉइंट उतरताना पाहून घरचे आनंदतात आणि त्याच दिवशी सेकंद चढत असतात. हे मी पाहिलं आहे. ते घर मी विसरणार नाही, त्याविषयी याहून जास्त लिहिणारही नाही.

शेवटी तान्ह्या बाळांबद्दल, कारण तिथे चुकायला वेळच नसतो. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात व्हिटॅमिन के चा साठा जवळजवळ नसतो. आईच्या दुधात ते फार थोडं असतं. म्हणून जन्मल्याबरोबर मांडीत १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. "एवढ्याशा जिवाला सुई कशाला" म्हणणाऱ्या आज्या मला भेटतात. त्यांची माया मला कळते, पण ही सुई बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव टाळते.

महिना उलटलेलं एक बाळ मागे आमच्याकडे आलं. टाचेला सुई टोचली आणि थेंब थांबेना. आई सांगत होती की अंगावरच्या दुधाची कावीळ आहे, उन्हात धरायला सांगितलंय. ते घरी जन्मलेलं होतं, इंजेक्शन मिळालेलं नव्हतं. नळीतला प्लाझ्मा मिनिट झालं तरी थबकला नाही. मी दुपट्यातलं शौच बघायला मागितलं. पांढरं. बिलिरुबिन काढलं तेव्हा त्यातलं बरंचसं डायरेक्ट, म्हणजे यकृताने आपलं काम करून पुढे धाडलेलं आणि वाटेत अडलेलं. त्याच संध्याकाळी व्हिटॅमिन के दिल्यावर रक्त थांबलं. रात्री त्यांना पुण्याला पाठवलं. पित्तनलिकाच नीट न बनलेली, बिलिअरी अट्रेशिया. यावर जपानच्या मोरिओ कासाई यांनी शोधलेलं ऑपरेशन आहे, आणि ते जितकं लवकर, शक्यतो बाळ साठ दिवसांचं होण्याआत होईल, तितकं चांगलं. त्या बाळाचं वेळेत झालं. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नव्या आईला शौचाच्या रंगांचं कार्ड देतात, कुठला रंग दिसला की दवाखान्यात यायचं हे चित्रावरूनच कळतं.

तसं एक कार्ड मी रंगीत छापून घेतलंय. आमच्या भागातल्या आशाताई आणि अंगणवाडीताई रिपोर्ट न्यायला येतात तेव्हा त्यांच्या हातात देते आणि सांगते, बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा दुपटं बघा. दोन आठवड्यांनंतरही बाळाचे डोळे पिवळे असतील तर चिठ्ठीवर नुसतं 'बिलिरुबिन' लिहिलेलं चालत नाही, 'डायरेक्ट'ही हवं. नसलं तर मी डॉक्टरांना फोन करून विचारते, आणि निळ्या झाकणाची एक नळी सोबत काढून ठेवते.